उठताना हात कुठे टेकता?

लग्नसराईत जेवणं आटोपल्यावर कार्यालयात जरा बाजूला उभं राहून पाहावं. साठी ओलांडलेली मंडळी खुर्चीतून कशी उठतात, एवढंच पाहायचं. कुणी टेबलाच्या कडेला धरतं, कुणी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवतं, कुणी आधी खुर्चीच्या टोकापर्यंत सरकतं, एक झोका घेतं आणि मग उठतं. वरपक्षाकडून ‘आई गं’ ऐकू येतं, वधूपक्षाकडून ‘अय्यो शिवने’. आपल्या भागात बऱ्याच लग्नांत दोन्ही पक्षांकडून दोन्ही ऐकू येतं, ती गोष्ट वेगळी!

मग चर्चा सुरू होते ती गुडघ्यांची. मराठीत ‘गुडघे गेले’, कन्नडात ‘मोणकाल नोवु’. तेल कुठलं लावायचं, पट्टा कुठला बांधायचा, कुणी गुडघा बदलून घेतला आणि किती खर्च आला, यावर अर्धा तास सहज जातो. गुडघे झिजतात हे खरंच आहे. पण खुर्चीतून सगळं शरीर वर उचलण्याचं काम गुडघ्याचा सांधा करत नाही. ते काम मांडीच्या पुढच्या भागातले आणि कमरेखालचे स्नायू करतात. त्यांच्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. गुडघा दुखतो म्हणून त्याची दखल घेतली जाते. स्नायू बिचारा न दुखता, न बोलता कमी होत जातो.

मी मराठी शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे या विषयात शिरले तीही शब्दांच्या वाटेने. दंड आवळला की वर येणाऱ्या फुगवट्याला आपण ‘बेडकुळी’ म्हणतो. म्हणजे मराठी माणसाला स्वतःच्या दंडात बेडूक दिसला! कन्नडात पोटरीला ‘मीनखंड’ म्हणतात, त्यांना पायात मासा दिसला. आणि इंग्रजीतला ‘मसल’ ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ आहे छोटा उंदीर. कातडीखाली काहीतरी जिवंत हालतं आहे, हे सगळ्याच भाषांनी पाहिलं. पण म्हातारपणी हा बेडूक, हा मासा कुठे नाहीसा होतो, त्याला नाव द्यायचं मात्र सगळ्यांच्याच राहून गेलं. ते नाव १९८९ मध्ये अमेरिकेतल्या आयर्विन रोझेनबर्ग या वैद्यकतज्ज्ञांनी सुचवलं : सार्कोपेनिया. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव. अमेरिकेत आजारांच्या अधिकृत यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक मिळायला २०१६ साल उजाडलं. कन्नडात ‘निधान’ म्हणजे सावकाश. या आजाराचं निदान सगळ्या जगात अगदी निधान झालं म्हणायचं!

प्रकार असा आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर त्याहून वेगाने उतरते. त्यातही झटकन काम करणारे जे स्नायूतंतू असतात, ते आधी बारीक होतात. ठेच लागली की क्षणार्धात पाय पुढे टाकून तोल सावरणारे तंतू हेच. म्हणून ठेच तरुणालाही लागते आणि म्हाताऱ्यालाही, पण पडतो तो म्हातारा.

आता यातली खरी फसवणूक सांगते. रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. तिथे चरबी येऊन बसते, पोटावर तर येतेच, पण स्नायूंच्या मधल्या फटींतही शिरते. समजा, दहा वर्षांत चार किलो स्नायू गेले आणि चार किलो चरबी आली. काटा काय दाखवणार? तेव्हाही अडुसष्ट, आताही अडुसष्ट. माणूस खूश! ‘माझं वजन दहा वर्षांत एक किलोनेही हललेलं नाही’ असं अभिमानाने सांगणारे किती तरी जण आपल्या ओळखीत असतील. घरातले कमावते हात कमी झाले आणि खाणारी तोंडं वाढली, तरी शिरगणतीत घराची माणसं तेवढीच भरतात, तसं हे आहे.

जिथे वजन वाढलेलं असतं तिथे तर संशयही येत नाही. ‘आज्जी चांगली अंगानं भरलेली आहे, तिला कसला अशक्तपणा?’ हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य. खरं म्हणजे तिची अवस्था दुहेरी अडचणीची असते. वाहायचं ओझं जास्त आणि वाहणारे स्नायू कमी. डॉक्टर मंडळी याला सार्कोपेनिक ओबेसिटी म्हणतात, आपण ‘लठ्ठपणाआडची झीज’ म्हणू. या दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सामावून घेणारं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान झालं की साखर रक्तात रेंगाळते, मधुमेहाला वाट मिळते. पोटावरची चरबी शरीरात एक बारीक, सततची दाहाची धग पेटती ठेवते आणि ती धग पुन्हा स्नायूच खाते. उठणं जड जातं म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्यामुळे उठणं आणखी जड जातं.

आपण भारतीय तर या बाबतीत मुळातच थोड्या भांडवलावर जगतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं यावरचं काम जगभर मानलं जातं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापून आला होता. उंचीच्या प्रमाणात वजनाचा जो आकडा काढतात, म्हणजे बीएमआय, तो दोघांचाही बरोबर २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबीचे, असे आपण. म्हणूनच आपल्याकडे कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर एवढी खाली धरली आहे. मेजरिंग टेप शिलाईच्या डब्यात असतेच, ती काट्यापेक्षा जास्त खरं बोलते.

घरच्या घरी आणखी एक गोष्ट पाहता येते. बिनहाताची, पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. दोन्ही हात छातीवर घडी घालायचे. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, असं सलग पाच वेळा. शेजारी कुणीतरी उभं असावं. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये यासाठी बारा सेकंदांची रेघ ठरवली : बारा किंवा त्याहून जास्त सेकंद लागले तर लक्ष द्यायला हवं. त्याच गटाने हाताच्या पकडीची ताकद पुरुषांत २८ किलोंच्या आणि स्त्रियांत १८ किलोंच्या खाली नसावी, आणि चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या खाली जाऊ नये, असंही सांगितलं आहे. पकड मोजायला यंत्र लागतं, पण रस्ता ओलांडताना सिग्नल संपायच्या आत पलीकडे पोचता येतं का, हे कुणालाही कळतं.

ही खुर्चीची परीक्षा मी घरी घेतली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्र्याहत्तरच्या. ‘काय गं, कॉलेजात पोरांची घेतीस ती पुरेना म्हणून माझी परीक्षा घ्यालीस?’ असं म्हणत बसल्या. सतरा सेकंद. चौथ्या वेळेला हात आपोआप मांडीवर आला. ‘साकु बिडु’ म्हणून मोकळ्या झाल्या. मामंजी शहात्तरचे, रोज सकाळी किल्ला तलावाला फेऱ्या मारणारे. त्यांना वाटलं, आपण सहज पास. त्यांना साडेतेरा लागले. ‘मग मी रोज चालतो ते काय?’ हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

त्याचं उत्तर असं की, चालणं हृदयाला, रक्तदाबाला, साखरेला, झोपेला आणि मनाला उत्तम. पण स्नायू वाढतो तो सवयीपेक्षा जास्त भार पडला तरच. वर्षानुवर्षं त्याच वेगाने, त्याच सपाट वाटेवर चालणाऱ्या मांडीला नवं काहीच करावं लागत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांची हकीकत इथे सांगायलाच हवी. वय अडुसष्ट, साखर वाढलेली, पोट सुटलेलं. वजन कमी करायचं असा सल्ला मिळाला आणि त्यांनी तो अगदी निष्ठेने पाळला. रात्रीचं जेवण बंद, दुपारी एक भाकरी आणि आमटीचं वरचं पाणी, सकाळ-संध्याकाळ चालणं. वर्षभरात नऊ किलो उतरले. गल्लीत कौतुक झालं, सत्काराच्या कार्यक्रमात शाल पांघरताना निवेदकाने वजनाचाही उल्लेख केला! दुसऱ्या वर्षी त्यांना बसची पायरी चढताना दांडीला लोंबकळावं लागू लागलं. मग एक दिवस न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण पंधरा दिवस अंथरुणावर गेले आणि उठले ते काठी घेऊनच. वजन उतरलं होतं, पण काय उतरलं होतं हे कुणी पाहिलं नव्हतं.

याच प्रश्नावर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. पासष्टीपुढचे १६० लठ्ठ स्त्री-पुरुष, सहा महिने. एका गटाला बेताचा आहार आणि चालण्यासारखा दमसासाचा व्यायाम, दुसऱ्याला आहार आणि ताकदीचा व्यायाम, तिसऱ्याला आहारासोबत दोन्ही, आणि चौथ्या गटाला यातलं काहीच नाही. पहिल्या तिन्ही गटांचं वजन साधारण नऊ टक्के उतरलं. पण चरबी वगळून उरणारं जे वजन, ज्यात मुख्य वाटा स्नायूंचा, ते पहिल्या गटाचं पाच टक्के घटलं, दुसऱ्याचं दोन आणि तिसऱ्याचं तीन. रोजची कामं करण्याच्या क्षमतेत सगळ्यांत जास्त सुधारणा दोन्ही व्यायाम करणाऱ्यांत दिसली, २१ टक्के. म्हणजे म्हातारपणी वजन उतरवूच नये असं नाही. पण नुसतं पोट मारून उतरवलं, तर ओझ्याबरोबर हमालही जातो. वजन उतरवणारी जी नवी इंजेक्शनं २०२५ मध्ये आपल्या देशात आली, त्यांनाही हेच लागू आहे. त्यांनी उतरलेल्या वजनातही स्नायूंचा वाटा असतोच. ती घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण घेणाऱ्याने ताकदीच्या व्यायामाबद्दल त्यांना विचारलं पाहिजे.

आणि अंथरुणाचं म्हणाल तर, निरोगी वृद्धांना फक्त दहा दिवस बिछान्यावर ठेवून केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा दिवसांत नुसत्या पायांतून सुमारे एक किलो ऐवज गेला. साधा ताप येऊन गेल्यावर ‘अजून आठ दिवस पडून राहा’ असं आपण किती सहज म्हणतो!

हा ‘पडून राहा’, ‘बसा, मी आणून देते’, ‘एळबेडरी, कूडरी’ आपल्या घरांतला प्रेमाचा भाग आहे. सासूला पाण्याचा तांब्या स्वतः उचलू न देणारी सून गुणाची समजली जाते. मुलगा पगार आणू लागला की बापाने बाजाराची पिशवी उचलणं हा मुलाचा कमीपणा ठरतो. त्यातून घरं बदलली. ओट्यामुळे स्वयंपाक उभ्याने, टेबलामुळे जेवण खुर्चीवर, आणि देवपूजासुद्धा स्टुलावर बसून. जमिनीवरून उठायची वेळ दिवसातून एकदाही येत नाही. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही. जात्यावर दळून, विहिरीचं पाणी ओढून आमच्या आज्ज्यांची कंबर वाकली, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाऊन त्या झिजल्या. जातं पुन्हा आणायची काही गरज नाही. पण जात्याचं काम गेलं तेव्हा दंडाला दुसरं काम दिलं पाहिजे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

खरं तर औषध आपल्याच पेठेतलं आहे. बेळगावच्या आखाड्यांत पिढ्यान्पिढ्या पैलवान जोर-बैठका काढत आले. बैठक म्हणजे मांडीचा सर्वोत्तम व्यायाम. कन्नडात तिला ‘बस्की’ म्हणतात. शाळेत मात्र आपण तिची शिक्षा करून टाकली : ‘पन्नास उठाबशा काढ!’ आमच्या कॉलेजचे फिजिकल डायरेक्टर म्हणतात, ‘मॅडम, ज्या गोष्टीने मास्तरांनी पोरांना घाबरवलं, तीच आता आम्ही मास्तरांना रिटायर झाल्यावर शिकवतो.’

वय झाल्यावर स्नायू वाढतात का, ही शंका साहजिक आहे. बॉस्टनमधल्या एका वृद्धांच्या संस्थेत ८६ ते ९६ वर्षांच्या दहा अशक्त रहिवाशांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला गेला. १९९० मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली होती. दोघांनी काठी सोडली. चार वर्षांनी त्याच संशोधकांनी शंभर जणांवर मोठा अभ्यास केला, त्यात आणखी एक गोष्ट कळली. व्यायाम न देता नुसतं पोषक पेय दिलेल्यांना काही फायदा झाला नाही. पावडरीचे डबे आणून आईवडिलांच्या उशाशी ठेवणाऱ्या मुलामुलींनी हे वाचावं!

घरी करायचं ते साधं आहे. खुर्चीतून उठबस, आधी हाताच्या आधाराने, मग बिनआधाराने, मग हातात पाण्याची बाटली घेऊन. ओट्याला धरून टाचा वर उचलणं, म्हणजे मीनखंडाला काम. भिंतीवर तळवे टेकवून जोर. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा एकदा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत, नाहीतर तो नुसता वेळ घालवणं. श्वास कोंडायचा नाही. हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

दुसरा भाग ताटाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ एक ते १.२ ग्रॅम म्हणतात. साठ किलोच्या आज्जीला झाले साठ ते बहात्तर. आता तिचा दिवस मोजा. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी मऊ भात आणि पातळ सार, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री ‘मला काही नको, थोडी पेज दे’. वाटणीला आलेल्या आमटीत वीस ग्रॅम डाळ असली तर प्रथिनं साडेचार ग्रॅम. कशी भरायची बेरीज? दात नाहीत म्हणून उसळ सुटली, वास नको म्हणून अंडं सुटलं, कफ होतो म्हणून दही सुटलं. उरला भात. आणि आठवड्यातून दोन उपवास, त्यांना साबुदाणा, जो जवळजवळ शुद्ध पिठूळ पदार्थ. खिचडीतलं शेंगदाण्याचं कूट तेवढं कामाचं.

बाहेरचं काही आणायला नको. पिठलं, मऊ शिजवून घोटलेली मटकी किंवा मूग, ज्याला निम्मं बेळगाव ‘काळु पल्य’ म्हणतं, ताक नव्हे तर घट्ट दही, एक मोठा पेला दूध म्हणजे आठ ग्रॅम, अंडं चालत असेल तर एकाला सहा ग्रॅम, शेंगाचटणी, फुटाण्याचं पीठ. आणि हे सगळं एका वेळी कोंबण्यापेक्षा तिन्ही जेवणांत वाटून. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र स्वतःच्या मनाने प्रथिनं वाढवू नयेत, त्यांचा हिशोब वेगळा असतो.

आत्याबाईंनी गुरुवारचा उपवास सोडायला साफ नकार दिला. तो त्यांचा अधिकार आहे, त्यावर मी वाद घातला नाही. तडजोड अशी झाली, की उपवासाला साबुदाण्याऐवजी भगर, दोन वेळा दूध आणि वाटीभर दही. दवाखान्यात वजन पाहायला गेल्या तर सहा महिन्यांत फक्त एक किलो उतरलेलं, तेव्हा जरा हिरमुसल्या. कंबर मात्र चार सेंटिमीटरने कमी भरली आणि ब्लाऊजची शिवण आत घ्यावी लागली, हे त्यांनी शेजारी-पाजारी तीन घरांत जाऊन सांगितलं.

खुर्चीची वेळ आता साडेतेरावर आली आहे. त्यांचं माहेर बैलहोंगल, त्यामुळे मोजणी ‘ओंदु, एरडु, मूरु’ अशी चालते. मामंजी घड्याळ धरतात आणि मराठीत मोजतात. चारच्या सुमाराला दोघांचा मेळ चुकतो, भांडण होतं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.